त्या ९२ पदकांचा अर्थ

मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेत एक प्रश्न होता. ‘गोव्यात झालेल्या कोणत्या क्रीडा स्पर्धेत यजमानांनी ९२ पदकं मिळवली?’ एका गटानं पटकन सांगितलं, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, २०२३. दुसऱ्या गटातला एक मुलगा हळूच म्हणाला, लुसोफोनिया गेम्स, २०१४. प्रश्न काढणारी मी होते आणि माझ्या कागदावर एकच उत्तर होतं, पहिलं. दुसऱ्याला चूक ठरवून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

घरी येऊन सहज तपासलं, तर तोही बरोबर होता! २०२३ साली गोवा राज्यानं २७ सुवर्ण, २७ रौप्य आणि ३८ कांस्य मिळून ९२ पदकं घेतली आणि देशात नववा क्रमांक मिळवला. २०१४ साली भारतानं लुसोफोनिया स्पर्धेत ३७ सुवर्ण, २६ रौप्य आणि २९ कांस्य घेतली. बेरीज करून बघा, पुन्हा ९२. आणि तेव्हा क्रमांक होता पहिला.

त्या मुलाचा गुण मी बुडवला, त्याची भरपाई म्हणून हा लेख. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या दारात झाली, तिच्यात आपला देश पहिला आला, आणि तरी आपल्याला ती आठवत नाही. आपण तेव्हा चौथी-पाचवीत होतो हे एक कारण झालं. पण मोठ्यांनाही ती फारशी आठवत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी त्या अवघड नावापासून सुरुवात करावी लागेल.

आजचा पोर्तुगाल ज्या भागात आहे, त्यातल्या बऱ्याच मोठ्या प्रदेशाला रोमन लोक लुसितानिया म्हणत. त्यावरून ‘लुसो’ म्हणजे पोर्तुगीज. लुसोफोनिया म्हणजे पोर्तुगीज बोलणाऱ्यांचं जग. इंग्रजांच्या जुन्या साम्राज्यातल्या देशांसाठी जशी राष्ट्रकुल स्पर्धा आहे (ती १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात ‘ब्रिटिश एम्पायर गेम्स’ या नावानं सुरू झाली, नावातच सगळं आलं), आणि फ्रेंच बोलणाऱ्या देशांची जशी वेगळी स्पर्धा १९८९ पासून भरते, तशीच ही पोर्तुगीजवाल्यांची. त्यासाठी २००४ साली लिस्बनमध्ये ऑलिंपिक समित्यांची एक संघटना स्थापन झाली. पहिली स्पर्धा २००६ साली मकावला झाली, दुसरी २००९ साली लिस्बनला आणि तिसरी २०१४ साली आपल्याकडे.

या कुटुंबातले देश पाहिले तर शाळेतला नकाशाच उघडतो. पोर्तुगाल आणि ब्राझील, आफ्रिकेतले अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, गिनी-बिसाव, साओ तोमे ई प्रिन्सिपे, पूर्वेकडचा २००२ साली स्वतंत्र झालेला पूर्व तिमोर. मकाव १९९९ च्या डिसेंबरपासून चीनचा भाग आहे, तरी इथे त्याचा संघ वेगळा. श्रीलंका सहयोगी सदस्य, कारण तिथल्या किनाऱ्यावर डचांच्या आधी पोर्तुगीज होते. आणि भारतही सहयोगी सदस्य, कारण गोवा.

इथे जरा थांबू. भारत हा काही पोर्तुगीज बोलणारा देश नाही. गोव्यातही आज पोर्तुगीज सफाईनं बोलणारी माणसं मोजकीच. म्हणजे एका भाषेच्या नावानं भरलेल्या स्पर्धेत, ती भाषा न बोलणारा देश यजमान झाला आणि पहिला आला. मला ही यातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. लेखाच्या शेवटाकडे तिच्याकडे परत येते, कारण आपल्या पेडणे-डिचोलीचा संबंध तिथे लागतो.

पदकतालिका वाचायची कशी

स्पर्धा मुळात २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हायची होती. ती पुढे ढकलली गेली आणि १८ ते २९ जानेवारी २०१४ या काळात झाली. तेव्हा मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होते. उद्घाटन फातोर्ड्याच्या स्टेडियमवर झालं. खेळ नऊ होते: ॲथलेटिक्स, बास्केटबॉल, बीच व्हॉलीबॉल, फुटबॉल, ज्युदो, टेबल टेनिस, तायक्वांदो, व्हॉलीबॉल आणि वुशू. सामने फातोर्डा, बांबोळी, ताळगाव, नावेली, म्हापसा, मिरामार अशा ठिकाणी विखुरलेले. पेडणे आणि डिचोलीच्या माणसाला त्यातलं जवळचं ठिकाण म्हणजे म्हापसा.

आता ३७ सुवर्णांकडे बघू. अभिमान वाटायला हरकत नाही, पण नुसता आकडा घेऊन चालत नाही.

पहिली गोष्ट, हे खेळ कोणते आहेत ते बघा. ज्युदो, तायक्वांदो आणि वुशूमध्ये प्रत्येक वजनगटाला वेगळं सुवर्ण असतं, पुरुषांचं वेगळं आणि महिलांचं वेगळं. शिवाय या खेळांत साधारणपणे एका गटात कांस्यपदकं दोन देतात. ॲथलेटिक्समध्ये तर प्रत्येक शर्यत, प्रत्येक उडी, प्रत्येक फेक म्हणजे तीन पदकं. उलट फुटबॉलमध्ये वीसएक खेळाडूंनी दहा दिवस घाम गाळला तरी तालिकेत एकच पदक मांडलं जातं. त्यामुळे ज्या देशाला वजनगटांच्या खेळांत भरपूर खेळाडू उतरवता येतात, तो देश तालिकेत भराभर वर चढतो. भारताकडे तशी माणसं होती. वुशू हा चिनी खेळ, तो आधीच्या दोन स्पर्धांत नव्हता, गोव्यात आला. पोर्तुगीज भाषेच्या स्पर्धेत चिनी खेळ, आणि फायदा भारतीयांना. यात गैर काही नाही. यजमानाला खेळांच्या यादीत थोडंफार बोलता येतं, हे जगभर चालतं.

दुसरी गोष्ट घरच्या मैदानाची. २०१० ची दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा घ्या. भारताला तिथे १०१ पदकं मिळाली, त्यात ३८ सुवर्ण, आणि दुसरा क्रमांक. त्याच्या चार वर्षं आधी मेलबर्नला ५० पदकं होती. चार वर्षांनी ग्लासगोला ६४. खेळाडू एकाएकी दुप्पट चांगले झाले आणि मग पुन्हा वाईट झाले, असं काही नसतं. घरी संघ मोठा उतरवता येतो, तयारीला पैसा मिळतो, हवा आणि जेवण ओळखीचं असतं, प्रेक्षक आपले असतात. पाहुण्यांना मात्र विमानाचं भाडं मोजून माणसं आणावी लागतात. साओ तोमेहून गोव्याला यायचं म्हणजे अर्धं जग ओलांडायचं.

साओ तोमेचं नाव निघालंच आहे, तर एक हिशोब सांगते. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे पाऊण लाख होती आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार. दोन्ही मिळून पावणेदोन लाखांच्या आतबाहेर. साओ तोमे ई प्रिन्सिपे या अख्ख्या देशाची लोकसंख्या त्या काळात जवळजवळ तेवढीच होती! म्हणजे आपल्या दोन तालुक्यांतली पोरं गोळा करायची, त्यातून धावणारे, उड्या मारणारे, ज्युदो खेळणारे शोधायचे आणि त्यांना १२१ कोटींच्या देशासमोर उभं करायचं. भारताचा पहिला नंबर मला त्या दिवसापासून जरा वेगळा दिसायला लागला.

तिसरी गोष्ट तारखेची. जानेवारीत पोर्तुगालमध्ये कडाक्याची थंडी असते, तिथल्या ॲथलेटिक्सवाल्यांचा तो छपराखालच्या स्पर्धांचा काळ आणि फुटबॉलची लीग ऐन मध्यावर आलेली. स्वतःच्या देशाचे सर्वांत मोठे खेळाडू अशा वेळी सातासमुद्रापार कोण पाठवील? ब्राझील त्याच वर्षी जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक भरवणार होता. एवढा मोठा खेळवेडा देश, पण गोव्यातल्या तालिकेत पहिल्या दोघांतही नव्हता. पहिला भारत, दुसरा पोर्तुगाल.

हे सगळं मी पदकांचं मोल कमी करण्यासाठी सांगत नाही. समोर जो आला त्याला हरवणं एवढंच खेळाडूच्या हातात असतं. कोण आला नाही याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. ज्या मुलीनं त्या आठवड्यात भाला फेकला तिनं तो फेकलाच. फक्त ‘जगात पहिला’ असं कोणी फलकावर लिहिलं, तर आपण हात वर करून विचारावं, कुठलं जग?

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणाच्या लक्षात नसते. त्या जानेवारीत भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं डिसेंबर २०१२ मध्ये ही कारवाई केली, कारण संघटनेच्या निवडणुका आणि कारभाराबद्दल तक्रारी होत्या. गोव्यातल्या उद्घाटनानंतर तीन आठवड्यांच्या आत, ७ फेब्रुवारीला रशियातल्या सोची शहरात हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं, तेव्हा आपल्या तीन खेळाडूंना तिरंगा न घेता ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालावं लागलं. ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं. एका महिन्यात आपण एका तालिकेत सर्वांत वर होतो आणि दुसरीकडे आपल्याला स्वतःचा झेंडाही नव्हता.

एक सुवर्ण जरा वेगळं

३७ सुवर्णांपैकी मला एकाबद्दल वेगळं लिहायचं आहे. फुटबॉलचं. इथे जो संघ उतरला त्याचं नाव होतं ‘गोवा-इंडिया’. गोव्याचे खेळाडू, गोव्याचं नाव, आणि अंतिम सामन्यात मोझांबिकला हरवून सुवर्ण.

संतोष ट्रॉफीत गोवा खेळतो तो राज्य म्हणून. भारताच्या संघात गोव्याचे खेळाडू खेळतात ते भारतीय म्हणून. बाहेरच्या देशांच्या संघांसमोर, अनेक खेळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, गोव्याचं नाव छातीवर लावून जिंकायची संधी किती वेळा येते? इंग्लंड आणि स्कॉटलंड राष्ट्रकुल स्पर्धेत वेगळे उतरतात, मकाव लुसोफोनियात चीनपासून वेगळा उतरतो, तसंच काहीसं. वजनगटांच्या हिशोबात हे पदक एकच मोजलं जातं, पण मला विचाराल तर त्या ९२ मधलं सर्वांत जड पदक हेच.

आणि यात एक मजा आहे. लोकांना वाटतं, गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला. तसं नाही. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका ब्रिटिश धर्मगुरूनं तो शिवोलीत आणला. शिवोली बार्देशात, शापोरा नदीच्या अलीकडे. नदी ओलांडली की चोपडें, म्हणजे पेडणे तालुका. चोपड्याच्या काठावरून त्या काळी कोणी पलीकडे पाहिलं असेल, तर आपल्या देशातल्या सुरुवातीच्या फुटबॉल सामन्यांपैकी एखादा दिसला असता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे दुसरं नाव आठवेलच. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. तेही इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली राशोलला ओवीबद्ध मराठी पुराण छापून काढलं. म्हणजे ख्रिस्ती माणसानं गोव्याला दिलेल्या दोन मोठ्या गोष्टी, मराठी ओवीतला ख्रिस्त आणि फुटबॉल, या दोन्ही पोर्तुगीज माणसाकडून आलेल्या नाहीत. लुसोफोनियाच्या कुटुंबाला हे सांगितलं असतं तर त्यांना कसं वाटलं असतं कोण जाणे.

पेडणे, डिचोली आणि ‘पोर्तुगीज जग’

आता त्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. ही स्पर्धा आपल्याला आठवत का नाही?

गोव्याचे दोन भाग आपण शाळेत शिकलो, जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी. तिसवाडी १५१० साली पोर्तुगीजांकडे गेली, बार्देश आणि सासष्टी त्यानंतर काही दशकांत. डिचोली मात्र १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तिसवाडीनं पोर्तुगीजांची ४५१ वर्षं पाहिली. पेडण्यानं १७३. फरक नुसत्या वर्षांचा नाही. नव्या काबिजादी आल्या तोवर जबरदस्तीच्या धर्मांतरांचा काळ सरत आला होता. देवळं राहिली, दशावतार राहिला, कीर्तन राहिलं, आणि शिकणं-लिहिणं मराठीत राहिलं. मुक्तीनंतर गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या त्याही मराठी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं वेगळं राहायचं ठरवलं, पण पेडणे आणि डिचोलीनं महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूनं मतं दिली होती. लुसोफोनियाचं उद्घाटन झालं ते या कौलाच्या वर्षदिनानंतर बरोबर दोन दिवसांनी. हा योगायोगच, पण मला तो मनातून काढता येत नाही.

मग अशा तालुक्यातल्या माणसाला ‘लुसोफोनिया’ हा शब्द आपला कसा वाटणार? पोर्तुगिजांविरुद्ध लढलेल्या काही स्वातंत्र्यसैनिकांनी तर तेव्हा या स्पर्धेलाच विरोध केला होता. ज्यांनी आम्हाला तुरुंगात टाकलं त्यांच्या भाषेचा उत्सव आमच्याच पैशानं कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते मला खोटं वाटत नाही. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, ती जागा पेडणे तालुक्यातच आहे. आजही तिथून सावंतवाडीची बस पकडताना स्मारक दिसतं.

डिचोलीचा २०१४ चा जानेवारी तर आणखी वेगळा होता. २०१२ च्या सप्टेंबरपासून गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद होत्या. आधी राज्य सरकारनं थांबवल्या, मग ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं. न्यायालयानं वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली ती एप्रिल २०१४ मध्ये. म्हणजे फातोर्ड्यावर आतषबाजी चालू होती तेव्हा डिचोलीत ट्रक दारात उभे होते आणि बँकेचे हप्ते मात्र थांबले नव्हते. त्याच तालुक्यातल्या मये गावाची जमीन पोर्तुगीज काळात एका सरदार घराण्याला मिळालेली. मुक्तीनंतर ती कस्टोडियनच्या ताब्यात गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या लोकांच्या नावावर काही होईना. त्यांना हक्क देणारा कायदा विधानसभेनं केला तो २०१४ सालीच. मयेकरांना पोर्तुगीज वारसा म्हणजे काय हे विचारलं असतं, तर त्यांनी कदाचित जमिनीचा कागद पुढे केला असता.

दुसऱ्या बाजूनेही एक सांगायला हवं, आणि ते माझ्या घरातून येतं. मी पेडणे तालुक्यातली ख्रिस्ती. आडनाव ऐकलं की बाहेरचे लोक हमखास विचारतात, ‘घरी पोर्तुगीज बोलता का?’ आमच्या घरी मराठी-कोंकणी मिसळून चालते. माझी आजी प्रार्थना कोंकणीत म्हणते आणि बाजाराचा हिशोब मराठीत लिहिते. तिला पोर्तुगीज येत नाही. ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजधार्जिणा, हा समज मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि लुसोफोनियासारखं काही आलं की तो पुन्हा वर येतो. म्हणून एक नाव मी नेहमी सांगते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींची एक तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली आणि तिनं तिथे तिरंगा फडकवला. तेरेखोल पेडणे तालुक्यात, किल्ल्याच्या आत सेंट अँथनीचं चर्च. त्या तुकडीचे म्होरके होते आल्फ्रेड आफोन्सो. आडनावावरून माणसाची बाजू ठरवणाऱ्यांनी हा किल्ला एकदा बघून यावा.

आणि भाषेचंच म्हणाल, तर थोडेसे लुसोफोन आपण सगळेच आहोत. चावी, साबण, पगार, पाव, बटाटा, काजू, घमेलं, हे सगळे शब्द मराठीत पोर्तुगिजातून आले. तुरुंगसुद्धा! पेडण्यातला सत्याग्रही ‘मला तुरुंगात टाकलं’ म्हणायचा तेव्हा तक्रारीतला शब्दही ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याचाच होता. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला हे सांगितलं की तो दचकतो. भाषा कुणी लादली आणि शब्द कुणी उचलले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक मान्य केली म्हणून दुसरी नाकारावी लागत नाही.

मला स्वतःला त्या स्पर्धेची एकच आठवण आहे. पप्पा मला स्कूटरवरून म्हापशाला पेडेच्या संकुलात घेऊन गेले होते. कोणता सामना होता ते आठवत नाही. आठवतो तो एक आफ्रिकन खेळाडू, बाहेर गाड्यावर ऑम्लेट-पाव खात उभा असलेला. गाडेवाला त्याच्याशी कोंकणीत बोलत होता, तो त्याच्या भाषेत, आणि ‘पाव’ हा एक शब्द दोघांनाही कळत होता. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

लुसोफोनियासाठी जे हॉल आणि मैदानं बांधली किंवा दुरुस्त केली, त्यांतली बरीच पुढे २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेला उपयोगी पडली. ही स्पर्धाही गोव्यानं वर्षानुवर्षं पुढे ढकललेली. मधल्या काळात ३६ वी गुजरातला गेली आणि आपल्या वाट्याला ३७ वी आली. २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३, चाळीसहून जास्त खेळ, त्यात लगोरी, गटका, मल्लखांबसुद्धा. महाराष्ट्र २२८ पदकं घेऊन पहिला आणि गोवा ९२ घेऊन नववा. यजमानपदाचा फायदा इथेही झालाच. पण या वेळी समोर सेनादल होतं, हरयाणा होतं, महाराष्ट्र होता, आणि सगळे पूर्ण ताकदीनं आलेले. त्यामुळे दोन्ही ९२ समोरासमोर ठेवले, तर नवव्या क्रमांकाचे ९२ मला जास्त कष्टाचे वाटतात. फुटबॉलचं ते एक सुवर्ण मात्र यातून मी बाजूला काढून ठेवते.

पेडेच्या हॉलमध्ये आज आमच्या भागातली काही मुलं सरावाला जातात. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिथे टेबल टेनिस खेळते. संध्याकाळी सरावानंतर पेडण्याची शेवटची बस चुकू नये म्हणून ती बॅट पिशवीत कोंबून पळते. आपल्या तालुक्यात असा एखादा हॉल कधी होणार, हा तिचा प्रश्न. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

चौथी लुसोफोनिया स्पर्धा मोझांबिकला व्हायची होती. ती भरलीच नाही. त्यामुळे कागदोपत्री बघितलं तर लुसोफोनियाचा शेवटचा अव्वल संघ अजून भारतच आहे, आणि फुटबॉलमधला गतविजेता गोवा. प्रश्नमंजूषेतल्या त्या मुलाचा एक गुण बाकी आहे, मंडळाच्या सचिवांनी कृपया नोंद घ्यावी.